माझ्यासमोरच दुखणारी सीट

"साहेब, दुखतंय का अजून?"

मी विमानाच्या सीटवर आडवा पडलो होतो. विमान मात्र कुठेच नव्हतं. जालन्याच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड, शिलाई मशीनचा खडखडाट, मधोमध लाकडी चौथऱ्यावर बसवलेली एक सीट, आणि तिच्यावर मी. बूट काढलेले, पायात मोजे, नजर छताकडे. विचारणारे होते विठ्ठलराव, या शेडचे मालक.

"दुखतंय," मी म्हणालो.

"कुठं?"

"टाचा. दोन्ही."

विठ्ठलरावांनी मंदाताईंकडे बघितलं. मंदाताईंनी जमिनीकडे बघितलं. त्या तिथल्या चेकिंगच्या मुख्य. त्यांच्या मते या सीटवर टाचा दुखत नव्हत्या. नुसतं मत नव्हतं, त्याचे फोटो होते. आणि ते फोटो मी स्वतः बेंगळुरूला पाठवले होते.

माझा धंदा आधी सांगतो, कारण सांगितल्यावर लोकांना तो खोटा वाटतो. मी विमानातल्या सीटचा कम्फर्ट इंजिनीअर आहे. माणूस सीटवर किती वेळ बसू शकतो, झोपू शकतो, कुठे काय टोचतं, हे बघणं माझं काम. माझे वडील जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीला मास्तर होते. त्यांना अजून वाटतं की मी नोकरीवर झोपतो आणि कंपनी ते चालवून घेते. अगदीच चूक नाही.

तर ही सीट एका अशा एअरलाईनची, जिच्या विमानात फक्त बिझनेस क्लास आहे. मागे पडदा नाही, पडद्यामागे गुडघे आखडून बसलेली माणसं नाहीत. सगळ्यांना सारखी रुंद सीट, बटण दाबलं की सपाट पलंग. ऐकायला छान वाटतं. आमच्यासाठी ती डोकेदुखी असते. नेहमीच्या विमानात बिझनेस क्लासचे चार जण कुरकुरले तर मागचे बाकीचे गप्प असतात. इथे सगळे पैसे मोजून झोपायलाच आलेले, त्यामुळे कुरकुरले की अख्खं विमान कुरकुरतं.

आणि ते कुरकुरत होतं. तक्रार एकच, टाचा दुखतात.

सीट सपाट केल्यावर पाय जिथे पोचतात तिथे पुढे एक छोटी गादी असते. तिला आम्ही ऑटोमन म्हणतो. पाय ठेवायचा पाट समजा. एअरलाईनला विमानाचं वजन कमी करायचं होतं, म्हणून आम्ही त्या ऑटोमनचा फोम बोटभर पातळ केला. खाली कडक पत्रा. पातळ फोम चालतोय का, याची चाचणी जालन्यात झाली, कारण आमच्या सगळ्या गाद्या आणि कव्हरं विठ्ठलरावांकडे शिवली जातात. हे काम जालन्याला मीच आणलं होतं. कोइमतूरला नेऊ या म्हणणारे बरेच होते.

चाचणी सोपी असते. सीटवर एक पातळ चटई अंथरायची, तिच्यात बारीक सेन्सर असतात. वर माणूस झोपतो. लॅपटॉपवर त्याच्या अंगाचं चित्र उमटतं. जिथे दाब नीट पसरलाय तिथे निळं, जिथे टोचतंय तिथे लाल. मंदाताई आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी आळीपाळीने झोपल्या, चित्राचा फोटो काढला, मला पाठवला. टाचा निळ्या. छान, थंडगार निळ्या. आम्ही फोम पास केला, सीट विमानात बसल्या, आणि विमानातून तक्रारी सुरू झाल्या.

म्हणून मी जालन्यात येऊन झोपलो होतो. माझ्या टाचा लाल.

"मंदाताई, आता तुम्ही झोपा," मी म्हणालो.

त्या संकोचत आल्या, चप्पल लांब काढली, पदर खोचला आणि कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन झोपल्या. पाय ऑटोमनपर्यंत गेलेच नाहीत.

"पाय सरळ करा."

त्यांनी केले, पण टाचा ऑटोमनच्या कडेबाहेर काढून. अधांतरी.

"गादीवर ठेवा."

"ठिवलेच हायती साहेब."

ठेवलेले नव्हते. चित्रात पायांच्या जागी काहीच उमटत नव्हतं, ना निळं ना लाल. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा इकडचे पाय तिकडे केले. शेवटी मीच वैतागलो. बाईमाणूस, समोर परका पुरुष उभा, लाजत असतील म्हणून बाहेर चहा प्यायला गेलो. परत आलो तोवर फोटो तयार होता. तीच सीट, तीच चटई, टाचा निळ्या.

मी पुन्हा झोपलो. लाल.

"साहेब, राग मानू नका," विठ्ठलराव म्हणाले, "पण तुमच्या टाचांचंच काही असंल. एकदा डाक्टरला दाखवा ना."

त्यांना म्हटलं, तुम्ही झोपून बघा. ते आनंदाने झोपले आणि एक नंबर म्हणाले. विठ्ठलराव उंचीला बेताचे, त्यांचे पाय ऑटोमनच्या वीतभर अलीकडेच संपत होते. ती साक्ष बाद झाली.

पुढचे काही दिवस मी पार गोंधळून गेलो होतो. मी हजर असलो की सीट दुखते, मी नसलो की दुखत नाही. यंत्राचा दोष म्हणावा तर यंत्राला मी कुठे असतो ते काय माहीत? चटई बिघडली असेल म्हणून बेंगळुरूहून दुसरी मागवली. तिनेही तेच केलं. मग वाटलं, विमानात थंडी असते, थंडीत फोम आवळतो, शेडमध्ये जालन्याचं ऊन, तिथे तो सैल पडत असेल. विठ्ठलरावांच्या मेहुण्याचं मोसंबीचं कोल्ड स्टोरेज होतं. एक ऑटोमन दोन दिवस तिथे ठेवला. फोमला काहीही झालं नाही, फक्त त्याला मोसंबीचा वास लागला. शिवाय थंडीने माझी अडचण सुटतच नव्हती, कारण माझ्या टाचा उन्हातही दुखत होत्या. हे मला ऑटोमन परत आणताना सुचलं.

एके सकाळी सीटच्या हाताला लिंबू-मिरची बांधलेली दिसली.

"हे काय विठ्ठलराव?"

"असू द्या साहेब. खर्चा काय हाय त्याला?"

आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकं, लिंबू-मिरचीला तिथे थारा नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी ती काढली नाही. माझ्याकडे दुसरं काय होतं?

नायर सरांकडे मात्र उत्तर तयार होतं. नायर सर बेंगळुरूचे माझे बॉस. ते मराठी बोलत नाहीत, मी त्यांचं म्हणणं मराठीत सांगतोय.

"साळवे, तू उगाच भौतिकशास्त्रात शिरलायस. ती बाई आकडे बनवते आहे."

"सर, आकडे चटई देते. बाई कशी बनवेल?"

"पायाखाली हात घालत असेल. जुना फोटो पाठवत असेल. तू असलास की जमत नाही, तू नसलास की जमतं. यात न समजण्यासारखं काय आहे?"

बाकी सगळ्या शंकांपेक्षा ही बरोबर बसत होती.

"सोमवारी बत्रा मॅडम येतायत," सर म्हणाले. मॅडम म्हणजे एअरलाईनच्या केबिन हेड, विमानात आत जे जे आहे त्याच्या मालकीणच म्हणा. "त्या पोचायच्या आधी त्या बाईला चेकिंगवरून काढ. मॅडमना सांगू, खोटी रीडिंग दिली होती, कारवाई केली. नाहीतर काम जालन्यातून जाईल, मग विठ्ठलरावांची सगळीच माणसं घरी बसतील. एक की सगळे, तू ठरव."

मंदाताई मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या, लग्न होऊन जालन्यात आलेल्या. कितीतरी वर्षं मशीनवर होत्या. मान कायमची धरली, डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं, तेव्हा विठ्ठलरावांनी चेकिंगला घेतलं. चेकिंगवरून काढणं म्हणजे घरी पाठवणं, कारण मशीनवर परत बसणं त्यांना शक्यच नव्हतं. आणि घरी पाठवताना कपाळावर खोटारडेपणाचा शिक्का.

शनिवारी मी त्यांना आडून विचारलं. "मंदाताई, फोटो काढताना काही वेगळं करता का? मी असतो तेव्हापेक्षा?"

त्यांचा चेहरा घट्ट झाला. "मी खोटं करून राह्यले का साहेब? तसं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही म्हणत मी."

"मंग काय म्हणून राह्यले? पोरींसमोर इचारता. आम्ही सीटवर झोपतो, मशीन फोटो देतं, तो तुम्हाला धाडतो. बिलकुल तेवढंच करतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी वाटलं की खोटं करताना सापडलेलं माणूसही असंच रडतं. असा विचार करणारा मी मला अजिबात आवडलो नाही.

रविवारी टेंभुर्णीला घरी गेलो. जेवताना वडिलांना सगळं सांगितलं.

"ती खोटं बोलती असं वाटतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वाटत."

"मंग काढतो कशाला?"

"दुसरं काही सापडत न्हाई, दादा."

"सापडत न्हाई हे तुझं झालं. त्यात तिचा काय गुन्हा?" एवढं म्हणून ते भाकरीकडे वळले. वर्गातही ते असेच करायचे, प्रश्न विचारून फळ्याकडे वळायचे.

सोमवारी विठ्ठलरावांची गाडी मॅडमना विमानतळावर घ्यायला गेली होती. एरवी तीच मला आणायची. मी बसने आलो, एमआयडीसीच्या फाट्यावर उतरलो आणि मंदाताईंना काढताना काय सांगायचं ते मनात जुळवत चालायला लागलो. तेवढ्यात फोमचा टेम्पो शेजारी थांबला. ड्रायव्हर युसूफभाई.

"क्या साहेब, पैदल? बसा बसा, तिकडंच चाललो."

फोमचा टेम्पो पुढच्या गेटने जात नाही. तो मागच्या दाराने थेट शेडमध्ये लागतो. पुढच्या गेटवरचा वॉचमन मी आलो की आत फोन लावतो, "साहेब आले." हे मला माहीत होतं. मला तो मोठा मान वाटायचा.

त्या दिवशी फोन गेला नाही.

टेम्पोतून उतरलो आणि समोर सीट. सीटवर मंदाताई, अंगाखाली चटई. मॅडमना दाखवायला ताजं रीडिंग घेणं चालू होतं. त्या कुशीवर नव्हत्या. उताण्या, सरळ, डोळे मिटून, पाय लांब करून अगदी निवांत झोपल्या होत्या. पाय ऑटोमनवर होते. आणि पायांखाली, चटईच्याही वर, घडी केलेली जुन्या लुगड्यांची वाकळ होती.

मी जागच्या जागी उभा राहिलो. हाताखालची पोरगी कुजबुजली, "ताई, साहेब!"

मंदाताई ताडकन उठल्या. पहिलं काय केलं असेल तर वाकळ ओढून पाठीमागे लपवली.

"आज गेटवरून फोन न्हाई आल्ता साहेब?"

"ते काय आहे?"

"काय न्हाई. वाकळ हाय. धुतलेली हाय, साहेब. दर शनिवारी घरी नेऊन धुते मी."

"रोज टाकता?"

"मंग? तसाच पाय ठिवायचा का मालावर?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "आपल्या हातानं शिवलेला माल. परदेशात जाणार. त्याच्यावर पोट भरतो आपण. त्याला पाय लावायचा? आन् ते मशीन, तेबी तुमचं किंमती."

"आणि मी आलो की?"

"काढून ठिवतो ना. फोन आला की पहिले वाकळ उचलायची. चांगली सीट, आन् तिच्यावर ठिगळाची वाकळ. साहेब लोकांसमोर बरं दिसतं का ते?"

मी तिथेच चौथऱ्याच्या कडेला बसलो. हसायला येत होतं आणि स्वतःचा रागही. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हती, पण चुकून पुस्तकाला पाय लागला तर दादा पाठीत धपाटा घालायचे आणि ते पुस्तक डोक्याला लावायला लावायचे. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी फोम कोल्ड स्टोरेजमध्ये नेला, आणि या बाई पाय का अधांतरी धरतात हे मात्र विचारलं नाही.

"मंदाताई, परत झोपा. वाकळ टाकून."

निळं.

"आता वाकळ काढून."

त्या काही केल्या तयार होईनात. शेवटी मी झोपलो. वाकळ काढून लाल, वाकळ टाकून निळं. तीन वेळा करून बघितलं. माझ्या टाचांना काहीही झालेलं नव्हतं. आम्ही बोटभर फोम काढला होता आणि मंदाताईंनी, आम्हाला न सांगता आणि स्वतःलाही न कळता, तो परत घातला होता. रीडिंग खरं होतं. फक्त ते आमच्या सीटचं नव्हतं, सीट अधिक वाकळ यांचं होतं.

दुपारी मॅडम आल्या. विठ्ठलरावांनी नारळ, शाल, फुलं सगळं तयार ठेवलं होतं. मॅडमनी ते बाजूला ठेवलं, सँडल काढले आणि सरळ सीटवर झोपल्या.

"हेच," त्या हिंदीत म्हणाल्या. "हेच टाचांना लागतं. हे तुम्ही पास कसं केलंत?"

मी वाकळ मागितली. विठ्ठलराव लगबगीने जवळ आले. "साहेब, ते नको, मी नवीन टॉवेल आणतो," ते माझ्या कानात म्हणाले. मी ऐकलं नाही. वाकळ मॅडमच्या पायांखाली सरकवली.

मॅडम नुसत्या पडून राहिल्या. मशीनंही थांबली होती, सगळ्या बायका मान वळवून बघत होत्या. मॅडमनी डोळे मिटले आणि मला वाटलं, बहुधा झोपल्याच.

"हे कोणी टाकायचं ठरवलं?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

मी सांगणार तेवढ्यात मंदाताई पुढे आल्या. "मी टाकते. चूक झाली असंल तर मला बोला. साहेबाला नका बोलू."

मी हिंदीत सांगितलं. का टाकतात तेही सांगितलं. मॅडम उठून बसल्या. पायाखालच्या वाकळीकडे बघितलं, मंदाताईंकडे बघितलं.

"म्हणजे यांनी मला काही खोटं पाठवलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना जे मिळालं तेच पाठवलं. पायाखाली काय होतं ते आम्ही कोणी विचारलं नाही."

"वजन किती याचं?"

बाई शेवटी एअरलाईनच्याच. दोऱ्याची रिळं तोलायच्या काट्यावर आम्ही वाकळ तोलली. मॅडमनी तोंड वाकडं केलं. एवढं वजन चालणार नाही म्हणाल्या, पण तेवढीच जाड आणि हलकी मऊ पट्टी शोधलीत तर ऑटोमन पुन्हा जाड करायला मंजुरी देते. काम कुठे हलवायचं, हा विषय त्यांनी काढला नाही. जाताना शाल घेतली, नारळ विठ्ठलरावांना परत दिला.

संध्याकाळी नायर सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"वाकळ म्हणजे नक्की काय?"

सांगितलं.

"ठीक आहे. मग तिला राहू दे," ते म्हणाले. बस, एवढंच. त्यांनी तिला खोटारडी म्हटलं होतं त्याबद्दल एक शब्द नाही. मला संताप आला. फोन ठेवल्यावर आला, हे आणखी वाईट. मंदाताईंना ते कधी कळलं नाही, मीही सांगितलं नाही. मी त्या सकाळी शेडमध्ये कशासाठी आलो होतो, तेही त्यांना माहीत नाही.

हलकी पट्टी पुढे सापडली. ड्रॉइंगवर बेंगळुरूने तिला कम्फर्ट लेअर असं नाव दिलंय. शेडमध्ये सगळ्या तिला वाकळच म्हणतात, आणि माल मागवतानाही विठ्ठलराव तसंच सांगतात. टाचांची तक्रार बंद झाली. आता लोक हेडफोनबद्दल कुरकुरतात, ते माझं खातं नाही.

मी दोन गोष्टी शिकलो. एक, चेकिंग बघायला जायचं तर फोमच्या टेम्पोतून जावं. दुसरी, चाचणी कशी घ्यायची हे लिहिताना आपल्याला जे सांगायची गरज वाटत नाही तेच आधी लिहावं. आता नियमात स्पष्ट लिहिलंय, पाय थेट ऑटोमनवर ठेवायचे, मध्ये काही नको.

मंदाताईंनी तो नियम ऐकला आणि मान्य केला. अजूनही त्याच चेकिंग बघतात. सीटवर चढायच्या आधी त्या ऑटोमनला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात, आणि मगच पाय ठेवतात. हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. पण एका सीटला किती वेळ लागतो याचा हिशेब बेंगळुरूला देताना तेवढा वेळ मी धरलेला आहे.